बॅरल फोडल्यानंतर



गेल्या पावसाळ्यात सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका वस्तीतल्या बायका आपल्या बैठकीला आल्या. गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या खोपटात हातभट्टी विकली जाते, सकाळी सहापासून पुरुष उभे असतात, पोरींना शाळेला जाताना त्या घोळक्यातून वाट काढावी लागते, हे त्यांचे म्हणणे. चौकीत तीन वेळा अर्ज देऊन झाले होते. खोपटे दोन दिवस बंद राही, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. मग ठरले की मुळावरच घाव घालायचा. माल येतो कुठून याचा माग काढला, चाळीसेक बायका पोलिसांना सोबत घेऊन शहराबाहेरच्या एका तांड्यावर गेल्या आणि ओढ्याच्या काठी पुरून ठेवलेली रसायनाची बॅरल उलटी केली. गुळाचा आणि नवसागराचा तो आंबूस वास दोन दिवस साड्यांतून गेला नाही. वर्तमानपत्रात फोटो आला. आम्हीही खूष होतो, ते लपवण्यात अर्थ नाही.

आठ-दहा दिवसांनी त्या तांड्यावरची एक बाई पत्ता विचारत विचारत आपल्या कार्यालयात आली. चिडलेली नव्हती, थकलेली होती. म्हणाली, "बॅरल फोडलं तुमी. बरं केलं म्हना. आता मुकादमाची उचल कशातनं फेडू आन् पोरींच्या शाळंचं काय करू, ते बी सांगून जावा की." त्या दिवशी नेमकी वस्तीतली एक बिडी वळणारी बाई तिथे बसलेली होती. ती ताडकन उठली. "तुझी पिऊन माझा नवरा मेला असता, तवा तू आली होतीस का इचारायला?" दोघींचे चांगलेच भांडण झाले. आम्ही मध्ये पडलो, चहा केला, दोघींना वेगवेगळ्या वाटेने पाठवले. पण दोघींपैकी एकीलाही आमच्याजवळ उत्तर नव्हते. हे संपादकीय त्या भांडणातून निघाले आहे.

त्या दोघी गेल्यावर आपल्याच एका कार्यकर्तीच्या तोंडून सहज निघून गेले, "काय करणार, त्यांच्या रक्तातच आहे ते." तिला वाईट म्हणायचे नव्हते. आपण सगळ्याच असे बोलतो. तांड्यावरच्यांचा धंदाच तो. तेलुगू लोकांना शिंदीशिवाय जमत नाही. अमुक मोहल्ल्यातली पोरं गोळ्याच खातात, तमुक वस्तीत लहान पोरंसुद्धा व्हाइटनर हुंगतात. प्रत्येक वस्तीला आपण एक नशा आणि प्रत्येक नशेला एक जात चिकटवून मोकळ्या होतो. गंमत अशी की, हा हिशेब वरच्या बाजूला गेला की थांबतो. २०१६ साली ठाणे पोलिसांनी याच जिल्ह्यातल्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतून टनावारी इफेड्रिन जप्त केले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी तिथलाच एमडी म्हणजे मेफेड्रोन बनवणारा एक कारखाना पकडला, कोट्यवधींचा माल सापडला. तेव्हा कोणी म्हणाले का, की रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्यांच्या रक्तातच असते ते? कारखान्याला शेड देणाऱ्याची, माल नेणाऱ्याची जात कोणी विचारली का? तिथे आपण 'रॅकेट' म्हणतो. तांड्यावर मात्र 'समाज' म्हणतो.

हा शिक्का कुठून आला हे सोलापूरकर बायकांनी तरी विसरू नये, कारण तो मारण्याचे एक मोठे केंद्र आपल्याच गावात होते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपण ऐकून असतो. त्या कायद्याखाली गावोगावच्या भटक्या जमातींना उचलून आणून तारेच्या कुंपणात ठेवण्याची वसाहत सोलापुरात उभी राहिली. आजही त्या भागाला लोक सेटलमेंटच म्हणतात. तिथल्या माणसांनी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचे नाही आणि दिवसभर शहरातल्या गिरण्यांत राबायचे. सुधारणेच्या नावाखाली स्वस्त मजूर मिळत होते. हा कायदा देशभरातून गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. सेटलमेंटची तार पंडित नेहरूंच्या हातून १९६० साली तुटली, असे तिथली जुनी माणसे सांगतात. तार तुटली तरी पोलिसांच्या वहीतली नावे आणि शेजाऱ्यांच्या मनातली भीती तुटली नाही. ज्याला गावात घर, शेतात काम आणि दुकानात नोकरी मिळत नाही, त्याला काळोखातले काम कोणीही देतो.

लमाण तांड्यांची वाट थोडी वेगळी, पण तिथेच पोचणारी. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवणारा हा समाज. १८६० साली रेल्वे सोलापूरपर्यंत आली आणि तो व्यापार हातचा जायला लागला. त्यानंतर वीस वर्षांच्या आत, १८७८ साली, मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. घरी, रानात, सणापुरती गाळायची दारू गुन्हा ठरली आणि गाळायचा-विकायचा हक्क मक्तेदाराकडे गेला. नीट पाहा, दारू बंद झाली नाही. ती कोणी करायची एवढेच बदलले. जोतीराव फुल्यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लिहिले, ते याच काळात. आजचे चित्र त्याहून फार निराळे आहे का? आपल्या जिल्ह्यात तीसच्या आसपास साखर कारखाने आहेत. त्यांच्या मळीपासून अल्कोहोल निघते, तो उद्योग. तांड्यावरची बाई काळ्या गुळापासून काढते, तो गुन्हा. राज्याच्या तिजोरीत दारूतून वर्षाला वीस हजार कोटी रुपयांच्या वर रक्कम जमा होते, आणि ज्या कायद्याखाली ही जमा होते त्याचे नाव आहे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९! हातभट्टी विषारी असू शकते, हे मुळीच नाकारायचे नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉलच्या दारूने शंभरावर माणसे गेली, बहुतेक हातावर पोट असलेली. पण परवान्याच्या दारूने हळूहळू मरणाऱ्यांची बातमी होत नाही, एवढाच फरक.

सोलापूरला ही गोष्ट एके काळी चांगली कळत होती. १९३० साली गांधीजींना अटक झाली, तेव्हा ८ मे रोजी इथले लोक निघाले ते रूपाभवानीजवळची शिंदीची झाडे तोडायला. गोळीबार झाला, शंकर शिवदारे गेले, मंगळवार चौकी जळाली, पुढे मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ ला आपले चार हुतात्मे येरवड्याला फासावर गेले. हा इतिहास आपण दर जानेवारीला भाषणांत ऐकतो. त्यातली शिंदीची झाडे मात्र भाषणातून गळून जातात. त्या गर्दीत गिरणीकामगार होते. त्यांच्यातले कित्येक स्वतः शिंदी पिणारे असणार. तरी त्यांनी पिणाऱ्यांची जात काढली नाही, सरकारच्या महसुलावर कुऱ्हाड चालवली.

त्या गिरण्या आता नाहीत. जुनी गिरणी १८७७ ची, ती साठच्या दशकातच बंद पडली. लक्ष्मी-विष्णूचा भोंगा नव्वदच्या दशकात थांबला. गिरणीत वाईट होते ते होतेच, पण हजेरीपुस्तक होते, प्रॉव्हिडंट फंड होता, युनियन होती, आणि नशेत आलेल्याला जॉबर खात्यात घेत नसे. यंत्रमागावर यातले काहीच नाही. बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारा आवाज, आठवड्याला हातात पडणारा पगार आणि मालकाची अंगावर घेतलेली उचल. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेला माणूस एका खोलीच्या घरात येतो. तिथे बायको सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसलेली, म्हातारी आजारी, पोरे शाळेची तयारी करताहेत. त्याने झोपायचे कुठे? पूर्व भागातल्या एका बाईने आम्हाला हे असे सांगितले: "ताई, त्याला घरात बसायला जागा नाही, गुत्त्यात आहे." तिच्या या एका वाक्यात आम्हाला जितके समजले तितके व्यसनमुक्तीच्या दहा पत्रकांतून समजले नव्हते. (ती पत्रके मराठीत असतात. वस्तीतल्या अर्ध्या बायका तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही दखनी. हेही आपल्याला उशिराच सुचले.)

आणि गुत्ता उधारीवर देतो. ही उधारी वसूल होते ती बायकोकडून, तिच्या बिडीच्या पगाराच्या दिवशी. हजार बिड्यांमागे जी काय मजुरी ठरलेली असते, त्यातून छाट म्हणून बाजूला टाकलेल्या बिड्या वजा, कमी दिलेल्या पानांचा भुर्दंड वजा, आणि मग गुत्तेवाला दारात उभा. सोलापुरात हजारो बायका बिड्या वळतात, त्यांच्या कमाईवर घरे चालतात. गिरण्या गेल्यानंतर अनेक घरांत नियमित येणारा पैसा एवढाच उरला. ज्या घरात कमावता पुरुष म्हणवणाऱ्याची कमाई आटली आणि बाईची टिकली, तिथे नवऱ्याचे पिणे आणि मारणे दोन्ही वाढलेले आम्ही पाहिले आहे. पुरुषपणाची दुसरी कुठली खूण हातात उरली नाही की ग्लास उरतो. त्यात सोबतीचे पिणे आले. लग्नात, मयताच्या तिसऱ्या दिवशी, आखाडात, जत्रेच्या मटणाला नाही म्हणणारा माणूस भावकीत 'बायकोचा बैल' ठरतो. कित्येक जातपंचायतींत तर दंड म्हणून घेतलेल्या पैशाची पंचच दारू पीत, आणि तो दंड पुष्कळदा एखाद्या बाईवर बसवलेला असे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर आमच्या म्हणण्याचा उलटा अर्थ निघेल. गरिबी आहे, उचल आहे, रात्रपाळी आहे, म्हणून त्याने तिला मारले तर चालेल, असे आम्ही म्हणत नाही. तीच पाळी, तीच उचल आणि तेच एका खोलीचे घर तिच्याही वाट्याला आहे. ती नाही ना मारत कोणाला? "तसा तो चांगला आहे, दारू वाईट" हे वाक्य आपण केंद्रावर हजार वेळा ऐकले असेल. पण दारू सोडल्यावरही मारणारे नवरे आपण पाहिले आहेत, आणि पिऊन आल्यावर मालकासमोर, पोलिसासमोर हात न उचलणारेही पाहिले आहेत. घरी आल्यावरच हात उठतो, कारण तिथे उठवायला परवानगी आहे. ती परवानगी बाटलीतून येत नाही. म्हणून व्यसनाचा इलाज आणि मारहाणीचा इलाज एकाच अर्जात लिहू नये. उपचार चालू आहेत तोवर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ ची (पूर्वीचे ४९८अ) किंवा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची तक्रार थांबवा, असा सल्ला जे देतात त्यांना आपण नम्रपणे नकार द्यावा.

आता ताडीबद्दल, कारण पूर्व भागात हातभट्टीइतकाच तो प्रश्न आहे. झाडाची ताजी ताडी वेगळी आणि दुकानात दिवसभर मिळणारे ते पांढरे पाणी वेगळे. पुरेशी झाडे नसताना दुकाने चालतात, याचा अर्थ उघड आहे. त्यात क्लोरल हायड्रेटसारखी गुंगीची रसायने मिसळली जातात. आपल्या पद्मशाली कुटुंबांचे मूळ गाव ज्या तेलंगणात, तिथे २०१५ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने अशा भेसळीच्या ताडीवर एकदम धाड घातली. धाड योग्यच होती. पण त्या ताडीत अल्प्राझोलाम होते आणि पिणाऱ्यांच्या शरीराला त्याची सवय झालेली होती. ताडी बंद झाली तसे निजामाबाद, महबूबनगर भागात माणसे वेड्यासारखी वागू लागली, झटके येऊन पडली, दवाखाने भरले, काही दगावली. यात बायकाही होत्या.

हे आपल्या बायकांना माहीत असायला हवे म्हणून सविस्तर सांगते आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात कापतात, झोप जाते, नसलेली माणसे दिसतात, कुणाकुणाला फेपरे आल्यासारखे झटके येतात, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. त्याला खोलीत कोंडून ठेवणे हा इलाज नाही, देवाची माळ घालून एका रात्रीत सोडवणे हाही धोक्याचा. त्याला त्या दिवसांत डॉक्टर, औषधे आणि कुणाची तरी देखरेख लागते. आम्ही तांड्यावर बॅरल फोडली तेव्हा हे आमच्या डोक्यात नव्हते. वस्तीतले खोपटे आठ दिवस कोरडे राहिले, आणि चौथ्या दिवशी त्या बिडीवाल्या बाईच्या नवऱ्याला झटके आले. रिक्षात घालून एका दवाखान्यात नेले तर दारातच ऐकवले, "दारुड्यांसाठी खाट अडवायची नाही." दुसऱ्या दवाखान्यात घेतले, म्हणून वाचला. भांडणात तिने जे वाक्य फेकले, 'माझा नवरा मेला असता', ते तांड्यावरच्या बाईला उद्देशून होते खरे. त्यातला निम्मा वाटा आमचा होता.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केले. तेव्हा ब्राउन शुगर म्हणजे गर्दची लाट होती. त्या कामाची एक गोष्ट आपल्यासाठी फार मोलाची आहे. तिथे व्यसन हा आजार मानला गेला, माणसाला नावे ठेवली गेली नाहीत, आणि बायकोलाही उपचारात जागा मिळाली. ती नवऱ्याची पहारेकरी म्हणून नव्हे, तिचे स्वतःचेही काही मोडलेले आहे म्हणून. पण येरवडा सोलापूरच्या यंत्रमाग कामगाराला फार लांब आहे. महिनाभर काम सोडून तो गेला तर उचल कोण फेडणार आणि माग कोण चालवणार? राज्याने २०११ साली व्यसनमुक्ती धोरण जाहीर केले. धोरण म्हणजे खाट नव्हे. जिल्ह्याच्या जागी, तालुक्याच्या जागी किती खाटा, कोणत्या भाषेत बोलणारा समुपदेशक, रात्रपाळीवाल्याला परवडेल अशी वेळ, हे प्रश्न आपल्या मोर्च्यांच्या निवेदनात आजवर नव्हते. 'गुत्ता बंद करा' हे मात्र दरवेळी होते.

एखाद्या समाजाला व्यसनी ठरवून कोंडून टाकले की काय होते, याचे उदाहरण समुद्रापलीकडे मलेशियात आहे. तिथल्या सरकारी यादीत अमली पदार्थांचे व्यसनी म्हणून नोंदलेल्यांत फार मोठा भाग मलय लोकांचा. बहुसंख्य समाज, राज्यकर्तेही त्यातलेच, तरी 'मलय पोरांचे असे का' यावर वर्षानुवर्षे उपदेश झाले: धर्म कमी पडला, आईबाप कमी पडले. खेडी सोडून शहरात आलेली पोरे, तुटलेले शेजार, बेकारी, रात्र-रात्र समुद्रावर काढणारे मच्छीमार, यांचा विचार मागून आला. १९८३ च्या कायद्याने व्यसनींना दोन-दोन वर्षे सक्तीच्या केंद्रांत ठेवले. लष्करी शिस्त, कवायत. बाहेर आलेले पुष्कळ जण पुन्हा नशेकडे गेले. २०१० पासून तिथल्या सरकारनेच त्यातली काही केंद्रे स्वेच्छेने येण्याच्या दवाखान्यांत बदलायला घेतली. आपल्या सेटलमेंटची तार आठवते ना? आजही आपल्याकडे 'असल्यांना उचलून कुठेतरी नेऊन टाका' म्हणणारे थोडे नाहीत.

बंदी हवी की नको, या वादात बायकांना नेहमी एका बाजूला ढकलले जाते. आम्हाला आठवते ते नेल्लोर जिल्ह्यातले दुबगुंटा. १९९२ साली साक्षरता वर्गात बसणाऱ्या बायकांनी सारा दुकान बंद पाडले, ते लोण राज्यभर पसरले, १९९३ च्या ऑक्टोबरात आंध्रात सारा बंद झाला, १९९५ ला पूर्ण दारूबंदी आली आणि १९९७ मध्ये महसुलाचे कारण देऊन ती उठलीही. आपल्याकडे गडचिरोलीत १९९३ ची बंदी टिकली, चंद्रपूरची २०१५ ची २०२१ मध्ये उठली. बायकांनी मिळवलेले असे किती वेळा परत घेतले जाते! तरी आडव्या बाटलीचे मतदान आम्ही मोलाचे मानतो. एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की परवान्याचे दुकान हटते. गैरहजर बाई दुकानाच्या बाजूची धरली जाते, हा अन्याय असूनही बायकांनी ही मतदाने जिंकली आहेत. पण त्यालाही मर्यादा आहे. हातभट्टीच्या खोपट्याला परवानाच नाही, त्याला हटवायला मतदान कसले?

तांड्यांच्या बाबतीत एक वेगळा प्रयत्न आपल्याच जिल्ह्यात झाला, त्याची नोंद घ्यायला हवी. २०२१ साली तेव्हाच्या ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केले. मुळेगाव तांड्यासारखी ठिकाणे एकेका अधिकाऱ्याकडे सोपवली. धाडी चालू ठेवल्याच, पण सोबत घरोघरी बोलणे आणि दुसरे काम मिळवून देणे हाही पोलिसांच्या कामाचा भाग ठरवला. हातभट्टी सोडलेल्या कुटुंबांना पर्यायी रोजगार मिळाल्याची उदाहरणे पुढे आली. पोलीस खात्यातून असा विचार यावा ही मोठी गोष्ट, आणि तो एका बाईने केला याचा आनंदही आहे. आमची शंका पुढची आहे. २०२२ मध्ये त्यांची बदली झाली. अधिकारी बदलतात, तांडा तिथेच असतो. रोजगार देणे हे पोलिसांच्या मर्जीचे काम का असावे? आणि आपण बायकांच्या संघटनांनी त्या काळात तांड्यावर किती चकरा मारल्या? आम्ही तरी धाडीच्या दिवशीच गेलो.

शेवटी आपल्या स्वतःकडे. मागच्या महिन्याच्या बैठकीत पुरुषांच्या दारूवर दोन तास बोलून झाल्यावर एका मैत्रिणीने सहज विचारले, "मशेरी कोण कोण लावतं?" आधी हशा पिकला. मग एकेक हात वर यायला लागला, निम्म्याहून जास्त हात वर आले. त्यात व्यासपीठावर बसलेल्या आमच्यापैकी दोघींचेही होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या दारू पिणाऱ्या बायका शेकड्यात एकही भरत नाहीत, पण तंबाखू कोणत्या ना कोणत्या रूपात घेणाऱ्या साधारण दहात एक आहेत. बिडी वळणारीला तर वेगळी घ्यायचीही गरज नाही, तंबाखूची धूळ दिवसभर नाकातोंडातून आणि हाताच्या कातडीतून अंगात जातेच. मशेरी का, विचारले तर उत्तरे येतात: दात दुखतो, सकाळी परसाकडे साफ होते, आणि हळूच, "भूक मरते." पोरांना आधी वाढून मग उरले तर खाणाऱ्या बाईची भूक तंबाखूने मारली जाते, तिला आपण व्यसनी म्हणायचे का उपाशी? मुंबईतल्या गरोदर बायकांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. धूर नसलेला तंबाखू घेणाऱ्या आयांची बाळे सरासरी शंभरेक ग्रॅम कमी वजनाची निघाली. शंभर ग्रॅम हे अडीच किलोच्या बाळात फार असतात. या तंबाखूवर एकही मोर्चा आपण काढलेला नाही, कारण त्याने कोणी कोणाला मारत नाही, आणि कारण तो आपल्याच बटव्यात आहे.

या सगळ्यानंतर आम्ही गटात काय ठरवले ते थोडक्यात. वस्तीतले खोपटे बंद पाडण्याची मागणी कायम आहे, ती मागे घेतलेली नाही. पण त्या निवेदनात आता सरकारी रुग्णालयात व्यसनमुक्तीसाठी राखीव खाटांची आणि तेलुगू, कन्नड येणाऱ्या समुपदेशकाची मागणी लिहिली आहे. ज्या तांड्यावर जायचे तिथे आधी दोनदा बोलायला जायचे, बॅरलकडे नंतर बघायचे, यावर मात्र एकमत झालेले नाही. वस्तीतल्या बायकांचे म्हणणे, तुमच्या बोलण्याच्या काळात आमची पोरे त्याच घोळक्यातून शाळेला जाणार. त्यांचे चुकते असे आम्हाला म्हणता येत नाही. बिडीवाल्या मैत्रिणीचा नवरा सध्या पीत नाही. तीन महिने झाले. ती त्यावर काही बोलत नाही, फक्त बोटे मोजते.

तांड्यावरच्या बाईकडे आम्ही दिवाळीआधी दोघी जाऊन आलो. उचल अंगावर होतीच, ती नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला निघण्याच्या तयारीत होती. थोरलीला वसतिगृहात जागा मिळेल का बघा, म्हणाली, नाहीतर तीही फडात जाईल. शाळेचा दाखला आमच्याकडे दिला आहे, दोन ठिकाणी अर्ज केले आहेत, अजून होकार नाही. कोणत्या गटाला विमुक्त जातींच्या मुलींसाठी जागा असलेले वसतिगृह ठाऊक असेल तर आम्हाला लगेच कळवावे, मुलगी आठवीत आहे. निघताना तिने ओढ्याच्या बाजूला बोट केले. तिच्या दिराने तिथे नवे बॅरल पुरले आहे.